हॅरी ईस्टलॅक : दुरुस्तीच नडलेला माणूस

शाळेतल्या बायॉलॉजी लॅबमधला सांगाडा आठवतोय का? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये एक होता, कोपऱ्यात कायम टांगलेला. आठवीत असताना माझ्या मैत्रिणीनं त्याच्याशी शेकहँड केला आणि त्याचा पंजाच तिच्या हातात आला! ती अशी काही किंचाळली की शेजारच्या वर्गातून सिस्टर धावत आल्या. बिचाऱ्या सांगाड्याचा काही दोष नव्हता. मनगटातली तार गंजून तुटली होती, एवढंच.

मोठ्या माणसाच्या शरीरात 206 हाडं असतात. ती एकमेकांना धरून राहतात ती स्नायू, अस्थिबंध, कूर्चा अशा मऊ सामानामुळे. माणूस गेल्यावर ते सगळं जातं आणि उरतो तो नुसता हाडांचा ढीग. म्हणून कुठल्याही म्युझियममध्ये सांगाडा उभा करायचा तर तारा, स्क्रू, गोंद असा बराच जुगाड करावा लागतो.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात मात्र एक सांगाडा असा आहे की त्याला हा जुगाड फारसा लागलाच नाही. तो जवळजवळ स्वतःच्याच बळावर एकसंध आहे, कारण त्याची हाडं हाडांनीच जोडलेली आहेत. पाठीवर हाडाचे पातळ पत्रे पसरलेत, कमरेपासून मांडीपर्यंत हाडाचे पूल गेलेत, मणके एकमेकांत मिसळून गेलेत. हा सांगाडा हॅरी रेमंड ईस्टलॅक या माणसाचा. तुमच्या-माझ्यासारख्यांनी नाव ऐकलेलं नसेल, पण हाडांच्या डॉक्टरांच्या जगात हा माणूस चांगलाच प्रसिद्ध आहे.

आता मेकॅनिकलच्या मुलीला हा कुठे भेटला, असं विचाराल. टी.ई.च्या सेमिनारला मी कृत्रिम खुब्याचा विषय घेतला होता. टायटॅनियम, पॉलिथिलीन, झीज वगैरे नेहमीचंच वाचत होते. त्यात एका ठिकाणी आलं की खुब्याच्या ऑपरेशननंतर काही पेशंटच्या स्नायूंमध्ये, म्हणजे जिथे हाड असायलाच नको तिथे, नवं हाड तयार होतं. बॉम्बस्फोटात हातपाय गमावलेल्या सैनिकांनाही हा त्रास होतो. स्नायूत हाड? मला तर पटेचना. म्हणून शोधत गेले आणि हॅरीपाशी येऊन थांबले. सेमिनार कसाबसा झाला (गाईडनी तोंडावर सांगितलं की विषय भरकटलाय), पण हॅरी काही डोक्यातून जाईना. माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा चुका पदरात घ्या. पण याच्याबद्दल लिहायचं तर मराठीतच लिहावंसं वाटलं, का कोण जाणे.

हॅरीचा जन्म नोव्हेंबर 1933 चा, फिलाडेल्फियातला. अमेरिकेत तेव्हा मंदीचा काळ होता. चारचौघांसारखं घर, हेलेन नावाची बहीण. हॅरी चार वर्षांचा होईपर्यंत घरात कुणाला काही वावगं वाटलं नाही. 1937 च्या सुमारास बहिणीबरोबर बाहेर खेळताना अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं.

चार वर्षांच्या पोराचं हाड म्हणजे काय, प्लास्टर घातलं की जुळतं. आपल्यापैकी निम्मी जनता लहानपणी हात नाहीतर पाय मोडून घेऊन बसलेली असते. हॅरीचं मात्र तसं झालं नाही. हाड नीट सांधलं गेलं नाही. काही महिन्यांत त्याचा खुबा आणि गुडघा आखडायला लागला. एक्स-रे काढला तर मांडीच्या स्नायूंमध्ये हाड वाढताना दिसलं. मोडलेल्या हाडाच्या टोकाला नव्हे हं, स्नायूत!

डॉक्टरांनी जे केलं ते त्यांच्या जागी कुणीही केलं असतं. नको तिथे काही वाढलंय ना, मग कापून काढा. त्यांनी ऑपरेशन करून हाडाची वाढ काढून टाकली. थोड्या दिवसांनी त्याच जागी पुन्हा हाड आलं, आणि आधीपेक्षा जास्त आलं. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा हाड. हॅरीच्या लहानपणी हे एकदा नाही, अनेकदा झालं.

हे वाचताना मला वर्कशॉप आठवलं. बिजागरीवर चुकून वेल्डिंगचा थेंब पडला तर आपण ग्राइंडर लावतो आणि बिजागरी मोकळी होते. पण समजा, ग्राइंडरची ठिणगी पडेल तिथे नवं वेल्डिंग होत गेलं तर? जितकं घासाल तितकं जास्त जाम! हॅरीचे डॉक्टर याच कोड्यात अडकले होते, आणि हे कोडं आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं ते उपचार करत होते. त्याच्या शरीराच्या दृष्टीनं प्रत्येक ऑपरेशन म्हणजे एक नवी जखम होती.

या आजाराचं आजचं नाव फायब्रोडिस्प्लेशिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा. उच्चारताना जीभ वळत नाही, म्हणून सगळे एफओपीच म्हणतात. साधारण दहा ते वीस लाखांत एकाला होतो. भारतातही असे रुग्ण सापडलेत. वीस लाखांत एक धरून आपल्या लोकसंख्येचा गुणाकार केला तर सातशेच्या आसपास आकडा येतो. म्हणजे आमच्या हॉस्टेलच्या दोन्ही विंग भरतील एवढी माणसं. त्यातल्या किती जणांना आपल्याला काय झालंय ते ठाऊक असेल?

खरं तर शरीर जन्मतःच एक खूण देऊन ठेवतं. या बाळांच्या पायाचे अंगठे आखूड आणि आत वळलेले असतात. बाकी बाळ एकदम छान. घरचे म्हणणार, अंगठाच आहे ना, चालेल! पुढे मानेवर किंवा पाठीवर अचानक गाठ येते, सुजते, दुखते. डॉक्टरांना कॅन्सरची शंका येते. तपासायला तुकडा काढतात आणि त्या कापण्यानंच नवं हाड यायला सुरुवात होते. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एफओपीच्या 87 टक्के रुग्णांचं निदान आधी चुकलेलं होतं, आणि जवळपास निम्म्या रुग्णांनी सांगितलं की तपासण्या आणि ऑपरेशनांमुळेच आपली हालचाल कायमची कमी झाली. कुणीतरी पायाचा अंगठा नीट पाहिला असता तर? एक्स-रे नको, खर्च नको, फक्त मोजा काढायचा.

हॅरीच्या काळात यावर कुणाकडेच नीट उत्तर नव्हतं. पण आपण आजच्या काळात बसून वाचतोय, तेव्हा आत काय चाललं होतं ते थोडं समजून घेऊ. मेडिकलवाल्यांनी हसू नये.

मागच्या वर्षी बास्केटबॉल खेळताना माझा घोटा मुरगळला. तासाभरात त्याचा टेनिसचा बॉल झाला. रेक्टर मॅडमनी बर्फ आणून दिला, वर ओरडल्याही. ही जी सूज येते ना, तो आजार नसतो. आपल्या रोगप्रतिकार यंत्रणेची गाडी घटनास्थळी पोचल्याची ती खूण असते. वेगवेगळ्या पेशी तिथे जमा होतात. मास्ट पेशी धोक्याची घंटा वाजवतात. मॅक्रोफेज नावाच्या पेशी मेलेलं आणि तुटलेलं सामान खाऊन टाकतात. या मॅक्रोफेज नुसत्या सफाई कामगार नाहीत, मुकादमही त्याच. कचरा उचलता उचलता त्या आजूबाजूच्या पेशींना रासायनिक निरोप धाडतात की इथे मोडतोड झालीय, दुरुस्तीला लागा. अशा निरोप्यांपैकी एकाचं नाव अॅक्टिव्हिन-ए. माझ्या घोट्याचं काम काही दिवसांत झालं, गँग आपापल्या घरी गेली, मी पुन्हा कोर्टवर.

एफओपी असलेल्या माणसाला मार लागला की नेमकी हीच गँग येते आणि हेच निरोप धाडते. तिच्या कामात खोट नसते. खोट असते ती निरोप घेणाऱ्याकडे.

आपल्या पेशींवर एसीव्हीआर-1 नावाच्या जनुकापासून बनलेला एक रिसेप्टर असतो. हाड किंवा कूर्चा बनवायचा हुकूम आत पोचवणारा हा एक स्विच. निरोगी माणसात अॅक्टिव्हिन-ए या स्विचवर जाऊन बसतो खरा, पण तो चालू होत नाही. किल्ली कुलपात शिरते पण फिरत नाही, असं समजा. एफओपीमध्ये त्या जनुकाचं फक्त एक अक्षर बदललेलं असतं. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातले फ्रेडरिक कॅप्लन, आयलीन शोअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली ते अक्षर शोधून काढलं. त्या एका अक्षरामुळे कुलूप असं बदलतं की तीच किल्ली आता फिरायला लागते. हे 2015 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं. म्हणजे दुरुस्तीची गँग म्हणते की स्नायूला मार लागलाय, दुरुस्त करा. आणि तिथल्या पेशींना ऐकू येतं की हाड बांधा.

मग त्या बांधतातही, आणि काय व्यवस्थित बांधतात! आधी कूर्चा, मग तिचं हाड, अगदी गर्भातल्या बाळाचं हाड बनतं त्या क्रमानं. आत मज्जासुद्धा असते. हाडाच्या क्वालिटीत काही खोट नाही. फक्त ते भलत्या जागी असतं, आणि एकदा आलं की परत जात नाही.

यात रोगप्रतिकार यंत्रणेचा हात किती, हे एका रुग्णाच्या केसमधून फार छान समजतं. 2007 मध्ये ती केस प्रसिद्ध झाली. एफओपी असलेल्या एका माणसाला रक्ताचा वेगळाच गंभीर आजार झाला होता, म्हणून त्याच्यात दुसऱ्याची, निरोगी माणसाची अस्थिमज्जा बसवली. पांढऱ्या पेशी मज्जेतच बनतात. म्हणजे त्याची सगळी गँग आता बाहेरून आलेली, शंभर टक्के निरोगी. मग एफओपी थांबायला हवा होता ना? थांबला नाही. परक्या पेशी शरीराला पचाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू होती तेवढा काळ आजार शांत राहिला. औषधं बंद झाली आणि यंत्रणा पुन्हा जोमानं काम करायला लागली, तसं हाडही पुन्हा वाढायला लागलं. निरोगी गँगसुद्धा हाड बांधायला पुरेशी होती, कारण ऐकणारे कान तेच होते.

पुढे 2018 मध्ये उंदरांवर उलटा प्रयोग झाला. मास्ट पेशी आणि मॅक्रोफेज कमी करून टाकल्या, तर नको तिथलं हाड बरंच कमी झालं. मला वाटतं, इथे कंट्रोल सिस्टिम शिकवणाऱ्या सरांना आनंद होईल. सेन्सर ठीक, सिग्नल ठीक, आणि तरीही प्लँट भलताच आउटपुट देतोय!

हे समजल्यावर हॅरीच्या ऑपरेशनांची गोष्ट पुन्हा वाचली की कसंतरीच होतं. सर्जनचा चाकू लागला की सूज, सूज आली की गँग, गँग आली की निरोप, निरोप आला की हाड. ऑपरेशन जितकं मोठं तितकी गँग मोठी. एफओपीवाल्याला स्नायूत इंजेक्शनही देत नाहीत ते याच भीतीनं. दाताच्या डॉक्टरनं जबड्यात भूल देण्यासाठी टोचलं तर पुढे जबडा कायमचा बसू शकतो. साधा फ्लूसुद्धा आजार उसळायला पुरतो, कारण फ्लूशी लढायलाही हीच यंत्रणा जागी होते.

हॅरी या सगळ्यातून कुणाच्याही सूचनेशिवाय गेला. तो वाढत होता आणि त्याच्याबरोबर दुसरा सांगाडाही वाढत होता. हा आजार साधारणपणे मानेकडून खाली आणि पाठीकडून पुढे सरकतो. हॅरीचा मांडीतून सुरू झाला, कारण मार तिथे लागला होता. पण पुढे तो पाठीत पोचला, मानेत पोचला, छातीत पोचला. विशीच्या मध्यापर्यंत त्याचे मणके एकमेकांना जोडले गेले होते. आपण मेकॅनिझमचे डिग्री ऑफ फ्रीडम मोजतो ना? इथे एका जिवंत माणसाचे डिग्री ऑफ फ्रीडम एकेक करून शून्य होत होते. आणि ज्या अवस्थेत सांधा बसेल त्याच अवस्थेत पुढचं आयुष्य काढायचं. पाय वाकलेला राहिला की कायमचा वाकलेला.

काही स्नायू हा आजार सोडून देतो. हृदय, जीभ, डोळे फिरवणारे स्नायू, श्वासपटल यांना तो हात लावत नाही. का सोडतो, कोण जाणे. पण त्याचा अर्थ असा की आतला माणूस तसाच्या तसा राहतो. डोकं चालतं, डोळे फिरतात, सगळं समजतं. हॅरीचा जबडाही शेवटी बसला. मरणाच्या वेळी त्याला फक्त ओठ हलवता येत होते.

त्याच्या मधल्या वर्षांबद्दल मला फार काही सापडलं नाही. जे सापडलं त्यात तारखा आहेत, ऑपरेशनं आहेत, एक्स-रे आहेत. तो दिवसभर काय करायचा, कशावर हसायचा, कुणावर चिडायचा, हे मेडिकल पेपरात कोण लिहिणार? पण एक गोष्ट त्यानं स्वतः ठरवली, ती मात्र सगळीकडे नोंदलेली आहे. आपल्या माघारी आपलं शरीर विज्ञानाला द्यायचं, हा निर्णय त्याचा होता. मरण्याच्या थोडं आधी त्यानं घरच्यांना तशी इच्छा सांगितली.

आता बघा, लहानपणापासून या माणसाला डॉक्टरांकडून मिळालं काय? कापाकापी, आणि प्रत्येक वेळी थोडं जास्त हाड. त्याच्या जागी मी असते तर शेवटी म्हटलं असतं की आता तरी मला एकटं सोडा. त्यानं उलट केलं. तुम्हाला बाहेरून कापून समजलं नाही ना, मग आता पूर्ण बघा, असंच जणू. अर्थात हे माझं म्हणणं. त्याच्या मनात काय होतं ते त्यालाच माहीत.

नोव्हेंबर 1973 मध्ये न्यूमोनियानं तो गेला. चाळिसावा वाढदिवस सहा दिवसांवर होता. छातीचा पिंजरा हलेनासा झाला की फुप्फुसं नीट फुगत नाहीत, मग साधा कफही बाहेर पडत नाही.

त्याच्या शेवटच्या काही वर्षांत विज्ञान किती जवळ आलं होतं पाहा. 1965 मध्ये मार्शल युरिस्ट या डॉक्टरनं दाखवलं होतं की क्षार काढून टाकलेल्या हाडाचा तुकडा प्राण्याच्या स्नायूत ठेवला तर तिथे नवं हाड तयार होतं. म्हणजे हाड बनवण्याचा हुकूम देणारं काहीतरी रसायन असतं, आणि स्नायू तो हुकूम ऐकू शकतो. हॅरी तेव्हा एकतीस वर्षांचा होता. त्या हुकुमापासून हॅरीच्या त्या एका अक्षरापर्यंत पोचायला आणखी एक्केचाळीस वर्षं लागली.

हॅरीचा सांगाडा आणि त्याचे वैद्यकीय कागद फिलाडेल्फियाच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या म्युटर म्युझियमकडे आले. हे म्युझियम एकोणिसाव्या शतकातलं, थॉमस म्युटर या सर्जनच्या देणगीतून उभं राहिलेलं. एफओपीवर काम करणाऱ्यांना या सांगाड्याचा उपयोग किती झाला असेल याची कल्पना करा. जिवंत रुग्णाच्या शरीराला तर सुईसुद्धा लावायची नाही. मग हाड कुठून निघालं, कुठे जाऊन जोडलं गेलं, कुठला सांधा सुटला, हे बघायचं कुठे? इथे. 2006 मध्ये जनुक सापडलं ते रुग्णांच्या रक्तातून, हॅरीच्या हाडातून नव्हे, हे खरं. पण ज्यांनी शोधलं तेही त्याच शहरात काम करत होते, आणि कॅप्लन आपल्या विद्यार्थ्यांना आणि रुग्णांना हॅरीला भेटवायला आणत.

आज लहान मुलांत वेळेत निदान झालं तर निदान कापाकापी तरी टळते. गाठ उसळली की पहिल्या चोवीस तासांत थोडे दिवस स्टेरॉइड सुरू करतात, गँगला जरा शांत ठेवायला. 2023 मध्ये अमेरिकेत पॅलोव्हॅरोटीन या औषधाला मान्यता मिळाली. त्यानं नवं हाड कमी येतं, पण वाढत्या वयाच्या मुलांची उंची त्यानं खुंटू शकते, म्हणून लहानग्यांना ते देत नाहीत. अॅक्टिव्हिन-ए ला वाटेतच पकडणाऱ्या अँटिबॉडीच्याही माणसांवर चाचण्या झाल्या. पूर्ण प्रतिकारशक्ती दाबून टाकली तर हाड थांबेल कदाचित, पण मग साधं इन्फेक्शन जीव घेईल. एफओपीवाल्याचं सगळं आयुष्य याच दोन भिंतींच्या मध्ये चालतं.

फिलाडेल्फियातच कॅरोल ऑर्झेल नावाची एक बाई होती. तिलाही हाच आजार. डॉक्टर कॅप्लन यांच्याबरोबर ती म्युझियममध्ये गेली आणि तिनं हॅरीला पाहिलं. आपण पुढे कसे दिसणार आहोत ते असं समोर काचेत उभं असताना दुसरं कुणी तोंड फिरवून निघून गेलं असतं. तिनं ठरवलं की आपलाही सांगाडा इथेच द्यायचा. अट एकच, आपले दागिनेही सोबत मांडायचे! 2018 मध्ये ती गेली आणि 2019 मध्ये तिचा सांगाडा म्युझियममध्ये आला. पंचेचाळीस वर्षं एकटा उभा असलेल्या हॅरीच्या शेजारी आता कॅरोल आहे, तिच्या दागिन्यांसकट.